पोरीच्या पृथ्वीवर परंदवडी न्हाई

माजी पोरगी पुण्यात पावसाचं शिकती. शाळंतल्यासारखं शिकणं न्हाई, लय पुढचं, ज्याच्यापुढं शिकायला काय शिल्लक राहत न्हाई असलं. आन् मी तिचा बाप, लगीनघरी देगी चढवणारा आचारी. शाळंत मी दोन पावसाळे गेलतो. ते बी शाळंचं छत गळत नव्हतं आन् आमचं घर गळायचं म्हणून. मास्तर आईला म्हणले, ह्याला एक अक्षर येत न्हाई. आई म्हणली, पण भिजून तर येत न्हाई ना, मंग ठीक चाललंय. पाऊस उघडला तशी माजी शाळा बी सुटली. पुढं लोणावळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलो, भांडी घासता घासता त्याच्यात काय शिजतं ते बघत गेलो, आन् आचारी झालो. आता तळेगावात राहतो आन् आजूबाजूच्या गावात लग्नाची कामं घेतो.

लोक इचारायचे, पोरगी काय करती? मी पोरीला इचारायचो. ती सांगायची, "अब्बा, विषुववृत्ताजवळ पावसाचे पट्टे कसे तयार होतात, कमी-जास्त कसे होतात, त्याचं मी कॉम्प्युटरवर मॉडेल करते." हे वाक्य मी घरातनं तोंडात धरून निघायचो. पण चौकातल्या चहावाल्यापतुर जाईस्तवर त्यातलं अर्धं सांडायचं. चहा हातात येईपतुर 'पाऊस' तेवडा उरायचा. मंग मी म्हणायचो, पाऊस कवा पडणार ते काढती. लोकांना पटायचं, मला बी पटायचं.

पोरगी चिडायची. "असं सांगत जाऊ नका. मी अंदाज देत नाही." मी कान धरायचो, आन् पुढच्या चहापतुर पाळायचो.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आलती. खाटंवर लॅपटॉप मांडून बसलेली. मी लसूण सोलता सोलता मागनं डोकावलो. पडद्यावर एक लांबडा निळा चौकोन, आन् त्याच्या मधनं आडवा एक रंगीत पट्टा, ओढणीला काठ असतो तसा.

"हे काय?"

"पृथ्वी. गोल कापून सपाट पसरलीय."

"आन् हा काठ?"

"तो पाऊस. मधल्या भागाला सूर्य जास्त तापवतो, तिथली हवा वर जाते. मग वरून आणि खालून, दोन्हीकडून वारं तिथं धावतं. दोन वारे जिथं भेटतात तिथं ढगांची रांग लागते." माजं तोंड बघून ती थांबली. "तुमच्या देगीत बघा ना. जाळ जिथं जास्त तिथं उकळी वर येते, आणि कडेनं खाली जाते. तसंच."

इतकी वर्षं शिकली, पण पहिल्यांदा माज्या भाषेत बोलली. मी खूश. तिनं कायतरी दाबलं तसा तो पट्टा हलायला लागला. सावकाश वर सरकला, मंग सावकाश खाली आला.

"सूर्याच्या मागं मागं फिरतो," ती म्हणली. "आपला उन्हाळा संपत आला की वर, हिवाळा आला की खाली."

"आत्ता कुटं?"

"आत्ता खाली."

वरचा सगळा भाग निरमळ, एक ठिपका न्हाई. हितं शहाण्या माणसानं पुढचा सवाल इचारला असता. मी लसूण घेऊन आत गेलो.

दुसऱ्या दिवशी तळेगावातच एक वलीमा होता, लग्नानंतरची दावत. देगीत भात टाकला आन् मी विषुववृत्त बघत बसलो. उकळी खरंच मधी वर येती आन् कडंनं खाली जाती. काय कारीगरी हाय म्हणून बघतच राहिलो. इतका बघत राहिलो की देग बुडाला लागली. त्या लग्नात पाव्हण्यांनी भाताला धुराचा वास का येतोय इचारलं, तवा मी सांगितलं, ही खास पद्धत हाय. दोघातिघांनी परत मागून घेतला.

आता परंदवडीचं, आमच्या मावळातल्या शेजारच्या गावाचं. तितं माजा जुना दोस्त हाय. त्याची भातशेती, घरामागं एक पोल्ट्री, आन् एकुलती एक पोरगी. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला भाई म्हणतो. त्याच्या पोरीचं लगीन ठरलं, आन् हळदीच्या दिवशीचं मटणाचं जेवण माज्याकडं आलं. मी जागा बघायला गेलो. भात झोडून झालेलं, पेंढा एका कडंला रचलेला, वावर सपाट मोकळं पडलेलं. भाऊ म्हणला, "हितं पत्र्याचा मांडव सांगितलाय. गेल्या साली वरच्या आळीत हळदीला पाऊस आला, रश्श्यात पाणी का पाण्यात रस्सा कळंना झालं. नवरी चिखलानंच पिवळी झाली."

"पत्रा कशाला?" मी म्हणलो. "पट्टा खाली गेलाय."

"कसला पट्टा?"

"पावसाचा. पोरीनं मशीनीत दाखवलाय. ह्या डोळ्यांनी बघून आलोय. आपल्याकडं वर सगळं निरमळ."

माज्या एकट्याच्या सांगण्यावर भाऊनं चुलीत काडी बी घातली नसती. पण पोरीचं नाव आलं तसा तो हलला. "ती म्हणली व्हय? मंग झालं." तितंच मांडववाल्याला फोन लावला, पत्रे नकोत, नुसतं झालरीचं कापड लाव म्हणून सांगितलं. मी सरळ छाती काढून घरी आलो. रस्त्यात दोघांना सांगितलं बी, की माज्या पोरीच्या शब्दावर परंदवडीत पत्रा उतरतो.

हळदीच्या दोन दिवस आधी पोरगी मदतीला म्हणून घरी आली. आमी जेवायला बसलो. ती मोबाईल बघत म्हणली, "अरबी समुद्रात काहीतरी चाललंय. आपल्याकडं गडगडाटासह पाऊस होण्याची शक्यता सांगितलीय."

माजा घास तितंच थांबला. "पण पट्टा तर खाली गेलाय."

"कुठला पट्टा?"

मंग मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, ती म्हणल, घाबरू नका अब्बा, तुमी बरोबर बघितलं. उठली, लॅपटॉप आणला, तोच निळा चौकोन उघडला आन् माज्यापुढं ठेवला.

"परंदवडी दाखवा."

मी चष्मा लावला. वर बघितलं, खाली बघितलं. "तू पुणं दाखव, तितनं मी काढतो."

"पुणं नाहीये."

"मुंबई?"

"नाही."

"हिंदुस्थान तर आसल."

"अब्बा, ह्या पृथ्वीवर जमीनच नाही. सगळं पाणी आहे."

मी चष्मा पुसून परत लावला. मंग हळूच इचारलं, "मक्का?"

"अब्बा."

"आसू दे. इचारून ठेवलं."

हिची आई भाकरी थापायची थांबली. ती एकदम हिशेबात बोलली. "म्हंजी पोरगी पाण्यात अभ्यास करती, आन् ह्यांनी त्याच्यावर लोकांचा मांडव उतरवला."

मी म्हणलो, "पण जमीन न्हाई अशी पृथ्वी करायचीच कशाला? हाय ती काय वाईट हाय?"

पोरीनं डोक्याला हात लावला, पण सांगितलं. डोंगर, वाळवंटं, सगळं एकदम घातलं की कशामुळं काय झालं ते कळत न्हाई. म्हणून आदी नुसतं पाणी आन् सूर्य ठेवायचा, आन् पट्टा आपला आपण कसा उभा राहतो ते बघायचं.

"म्हंजी नुसता भात," मी म्हणलो. "नवा आचारी आला की मी त्याला बिर्याणी देत न्हाई. आदी नुसता भात रांधून दाखव म्हणतो. मसाला घातला की चूक लपती."

तिनं माज्याकडं जरा बघितलं. "हो. माझा अजून नुसता भातच चाललाय. आणि तोही नीट होत नाही. खऱ्या समुद्रावर बहुतेक ठिकाणी एकच पट्टा असतो, माझ्याकडं दोन होतात, विषुववृत्ताच्या वर एक आणि खाली एक. वर चढणाऱ्या ढगात बाजूची कोरडी हवा किती शिरते, तो एक आकडा जरा हलवला की एकाचे दोन, दोनाचा एक. का, तेच शोधतीय."

मला वाटलं पोरगी दुःखात हाय, कायतरी बरं बोलावं. म्हणलो, "दोन बरेच की. जास्त पाऊस."

ह्याच्यावर ती खरी चिडली. आवाज चढवला न्हाई, हळू बोलली, तेच जास्त लागलं. "तुम्ही माझ्या नावावर सांगितलंत. उद्या पाऊस आला तर त्या पोरीच्या हळदीचा चिखल होणार. ती माझ्याबरोबर खेळलेली पोरगी आहे. आणि पुढं कधी मी खरंच काही सांगितलं, तर परंदवडीत कोण ऐकणार?"

ताटातली भाकरी तशीच राहिली, आन् माजी भाकरी ताटात राहणं म्हंजी आमच्या घरात मोठी गोष्ट हाय.

सकाळी तिनं मला स्कूटरवर मागं बसवलं आन् परंदवडीला निघाली. मी मागनं म्हणलो, "असं सांगू का, मशीन बिघडलं?"

"मशीन बिघडलं म्हणायचं नाही. बाप बिघडला म्हणा."

भाऊच्या अंगणात बायका उखळात हळद कांडत होत्या. मधी बसल्या होत्या नवरीच्या आत्याबाई. ह्या बाईच्या तोंडापुढं गावचे पुढारी बी वाट बदलतात. मी आदी म्हशीचं कौतुक केलं. मंग पेंढा चांगला रचलाय म्हणलो. पोरगी मागं उभी राहून नुसतं खाकरली. मंग सांगितलं सगळं, पाण्याच्या पृथ्वीसकट.

उखळ थांबलं.

आत्याबाई म्हणल्या, "म्हंजी दुसऱ्याच पृथ्वीवरचा पाऊस बघून तुमी आमचा मांडव उतरवला?"

"व्हय."

"तितं लगीनं होत्यात का?"

"तितं माणसंच न्हाईत, आत्याबाई."

"बरंय मंग. आचारी बी नसतील."

भाऊ हसला न्हाई. मांडववाल्याला फोन लावला. पत्रे दुसऱ्या लग्नाला गेले होते, सोमाटण्याच्या बाजूला. अजून दोघांना लावला, तेच. भाऊ फोन खिशात ठेवून माज्याकडं बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणला एवढंच, "भाई, एकच पोरगी हाय मला."

पोरगी पुढं झाली. "काका, मी असं काही सांगितलं नव्हतं. पण नाव माझं वापरलं गेलं, म्हणून मी आलेय. पाऊस नक्की येणार असंही मी म्हणत नाही. शक्यता आहे. तेवढ्यासाठी डोक्यावर काहीतरी पाहिजे."

"डोक्यावर काय घालू, आभाळ?" भाऊ म्हणला.

तवा आत्याबाईंनी मुसळानंच घरामागं दाखवलं. "ती काय एवढी लांब पत्र्याची हाय, ती कुणासाठी ठेवलीय? कोंबड्या तर परवाच गेल्या."

पोल्ट्री. मागची बॅच विकून झालती, पुढची पिल्लं यायची होती. लांबच लांब पत्रा, दोन्ही बाजूंनी जाळी, वारा खेळता. सगळं झकास, एक वास सोडला तर. खालचं तूस काढलेलं, पण वासाला कुणी सांगितलं नव्हतं की बॅच गेली म्हणून.

भाऊ म्हणला, "माज्या पोरीची हळद खुराड्यात?"

नवरीच आतनं बाहेर आली. हात पिवळे. म्हणली, "पप्पा, चिखलापेक्षा खुराडं बरं." आन् माज्या पोरीला म्हणली, "तू खराटा घे, मी पाणी मारते."

"तू नवरी हायस," आत्याबाई ओरडल्या.

"अजून उद्यापर्यंत नाही."

दोन पोरी आत घुसल्या तशी आळी बी घुसली. पाईप आला, चुन्याच्या बादल्या आल्या. मांडववाल्याचं झालरीचं कापड जाळीला लागलं. पत्र्याला आंब्याची पानं लागली. मी म्हणलो, वासाचं माज्याकडं सोडा. आमच्याकडं घरात लोबान जाळायची पद्धत हाय, निखाऱ्यावर टाकला की कसला बी वास मरतो. चिमूटभर पुरतो. पण चूक माजी होती, तर चिमूटभर कसा पुरल? मी घमेल्यानं निखारे नेले आन् पुडाच्या पुडा ओतला. थोड्या वेळानं पोल्ट्रीतनं माणसं खोकत खोकत बाहेर. आत्याबाई डोळे पुसत म्हणल्या, "पाऊस तुमच्या हातात न्हाई म्हणून आता ढग आणला व्हय?"

हळदीच्या संध्याकाळी मी पोल्ट्रीच्या तोंडाशी चुली मांडल्या. आभाळ भरून आलतं. लोणावळ्याच्या बाजूला काळं झालतं, मधनंच गुडगुडत होतं. वारा सुटला. मला इतकं बरं वाटलं की इचारू नका. कुटल्याच आचाऱ्यानं लग्नाच्या जेवणात पावसासाठी दुवा मागितली न्हाई, ती मी मागत होतो. रस्सा ढवळायचो आन् वर बघायचो. आख्ख्या गावाला खुराड्यात बसवलंय, आता तू येच बाबा. एक थेंब हातावर पडला. मी हात वर करून पोरीला दाखवला. ती म्हणली, "रस्सा उडालाय."

खरंच रस्साच होता.

पाऊस आला न्हाई. काळं होतं ते डोंगराच्या पलीकडं गुडगुडत गुडगुडत निघून गेलं. वारा पडला. चांदण्या आल्या, एकेक करून न्हाई, मला हिणवायला सगळ्या एकदम. आत पत्र्याखाली माणसं लोबानाच्या वासात, मांडीला मांडी लावून, घामाघूम होऊन मटण खात होती, आन् बाहेर मोकळं वावर कोरडं ठणठणीत. दुसरी पंगत उठली तशी लोकांनी पत्रावळी उचलल्या आन् वावरात चांदण्यात जाऊन बसले. वाढपी आता दोन ठिकाणी पळायला लागले. कुणीतरी ओरडलं, "भाई, कोंबडीच्या घरात मटण घातलंत, आता वावरात अंडी घालायला सांगू नका."

मी खाली मुंडी घालून भात वाढत होतो. तेवढ्यात भाऊ माज्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणला, "पण भाई, म्हणजे पोरीचं मशीन खरंच निघालं की. पट्टा खालीच गेलता. उगं आपण घाबरलो."

लोक हसून माना डोलवायला लागले. व्हय व्हय, पोरीचं खरं. आता खरं सांगतो, माजी मान आपली आपण वर झाली. तोंड उघडलं बी होतं. आयुष्यात एकदा माजं बरोबर निघालंय, सोडू कसं?

पोरीनं वाढायची बादली खाली ठेवली. "काका, नाही," ती म्हणली. "माझं मशीन बरोबर निघालं नाही. माझ्या मशीनीत परंदवडी नाहीच. आज पाऊस आला नाही ते नशीब. मी हे खरं म्हणून घेतलं, तर पुढच्या वेळी तुम्ही पत्रा उतरवाल, आणि तेव्हा येईल."

मला वाटलं, गेलं. आलेलं नाव बी पोरीनं हातानं घालवलं.

आत्याबाई पत्रावळीवरनं म्हणल्या, "मंग इतकी वर्षं तू करतीस काय?"

पोरीनं माज्या हातातली भाताची परात घेतली आन् त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "आत्या, अजून नुसता भात रांधतीय. पाणी आणि जाळ, बाकी काही नाही. तेवढ्यात सुद्धा पाऊस कधी एक ओळ धरतो, कधी दोन. ते का होतं हे कळलं, की मग त्यात डोंगर घालायचे. मग जमीन. मग कधीतरी मावळ."

आत्याबाईंनी भाताकडं बघितलं, मंग माज्याकडं बघितलं. "म्हंजी पोरीचा भात अजून शिजतोय," त्या म्हणल्या, "आन् बापानं रस्सा वाढून मोकळा."

आख्खं वावर हसलं. भाऊ तर असा हसला की त्याला ठसका लागला, आन् त्या ठसक्यात आमचं दोघांचं सगळं मिटलं. माज्यावर हसण्याचं मला काय नवं न्हाई. पण त्या हसण्यात पोरीला कुणी खोटं म्हणलं न्हाई. उलट जेवण झाल्यावर दोघंतिघं शेतकरी तिच्याभोवती बसले, शक्यता म्हंजी नक्की किती धरायची ते इचारत. ती सांगत होती आन् ते ऐकत होते. मी देगी घासत होतो.

तवापासनं परंदवडीत मी कुटं बी दिसलो की लोक इचारतात, भाई, पट्टा कुटंय? मी म्हणतो, घरी इचारून सांगतो.

परवा पोरीचा पुण्यावरनं फोन आला. आवाज खुशीत होता. "अब्बा, आज माझ्या पृथ्वीवर पहिली जमीन टाकली."

मी उभाच राहिलो. "परंदवडी?"

"नाही हो. नुसता एक चौकोनी तुकडा. सपाट. विषुववृत्ताच्या जरा वर."

"झाडं, घरं?"

"काही नाही."

"मंग तितं एखादं लगीन निघालं," मी म्हणलो, "तर मांडवाला कापड लावायचं का पत्रा?"

मागं तिच्या कॉम्प्युटरचे पंखे घुरघुरत होते.

"पत्रा लावा, अब्बा," ती म्हणली.